शरीराचा आवर : शिमोन साकागुची यांचे संशोधन

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही 'शरीराची प्रतिकारशक्ती आणि एक जपानी संशोधक' असा विषय कळविला, तेव्हा त्यांनी दोन वेळा फोन करून खात्री करून घेतली. यात त्यांचा दोष नाही. ज्याची तीस वर्षे फौंड्र्यांच्या दारात सभा घेण्यात गेली आणि ज्याचे शाळेतील शिक्षण दहावीला संपले, त्याने वैद्यकातील विषयाला हात घालावा हे धाडसच होय. आम्ही जे वाचले ते रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, आणि जेथे अडलो तेथे गावातील दोन डॉक्टर स्नेह्यांना त्रास दिला. या लेखात काही नीट उतरले असेल तर त्याचे श्रेय त्यांचे. चुका अर्थात आमच्या.

परंतु या वाटेला आम्ही गेलो कसे, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या युनियनमध्ये एक मोल्डर आहे. त्यास येथे नाना म्हणू. बावीस वर्षे रेतीचे साचे घालण्यात आणि अडीअडचणीला फेटलिंगवर, म्हणजे ओतलेल्या नगाला चिकटलेली रेती झाडून त्याच्या कडा घासण्याच्या कामावर, त्याची गेली. चार वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळी त्याची मूठ वळेना. बोटांची पेरे सुजली, मनगटे सुजली. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलावा लागे. मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि आमवात ठरला. नानाने हलके काम मागितले, भरपाईचा अर्ज केला. तो कोणत्या कारखान्यात होता ते येथे सांगण्याचे कारण नाही. पण त्या कारखान्याने नेमलेल्या डॉक्टरांनी अर्जावर एक ओळ लिहिली : रोग आनुवंशिक स्वरूपाचा आहे, कामाशी संबंध नाही. अर्ज निकालात निघाला. इतके झाले ते एक वेळ समजण्यासारखे होते. असे शेरे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण तो कागद कसा कोण जाणे नात्यागोत्यात फिरला, आणि नानाच्या मुलीचे जवळजवळ ठरलेले स्थळ मोडले. घराण्यातच रोग आहे, असे वरपक्षाकडून तोंडी कळविण्यात आले.

एका शब्दाने बापाची भरपाई जाते आणि त्याच शब्दाने मुलीचे लग्न मोडते, तो शब्द आहे तरी काय, हे पाहावे असे आमच्या मनात आले. आमवात हा रोग बाहेरच्या जंतूने होत नाही. शरीराचे स्वतःचे रक्षक स्वतःच्याच सांध्यांवर चालून जातात म्हणून होतो, एवढे डॉक्टरांनी सांगितले होते. मग ते रक्षक असे का करतात, आणि इतर वेळी ते का करत नाहीत, हे शोधता शोधता आमची गाठ शिमोन साकागुची या नावाशी पडली. तेव्हा ते नाव इकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे आली.

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचा जन्म हाडांच्या मगजात होतो आणि शिक्षण छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होते. ही ग्रंथी निरुपयोगी आहे असे कित्येक वर्षे समजले जात असे. ती प्रतिकारशक्तीची शाळा आहे हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये लंडनला उंदरांवर दाखविले. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर शत्रू ओळखण्याची एक खूण असते. ही खूण आधी शत्रू पाहून बनविलेली नसते. जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून ती बनते, आणि म्हणून अगणित प्रकारच्या खुणा तयार होतात. उद्या येणारा जंतू कोणता हे शरीराला ठाऊक नसते; तेव्हा कोणताही आला तरी कोणी ना कोणी त्यास ओळखील, अशी ही व्यवस्था आहे. व्यवस्था उत्तम, पण तिच्यात एक मोठे संकट आहे. आंधळेपणाने पिसलेल्या पत्त्यांत स्वतःच्याच शरीराला शत्रू समजणारी पानेही निघणारच. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हे संकट ओळखून त्यास नाव दिले होते; शरीराला स्वतःच्या विषाची भीती वाटते, असा त्या नावाचा आशय.

मग शरीर यातून सुटते कसे? एक उत्तर असे की, थायमसच्या शाळेतच अशा पेशी निवडून मारल्या जातात. हे उत्तर खरे आहे. १९८७ च्या सुमारास त्याचा पक्का पुरावा मिळाला. बहुतेकांना ते पुरेसेही वाटले. शाळेत नापास झालेला विद्यार्थी बाहेर पडतच नाही, मग बाहेर बंदोबस्त हवा कशाला? परंतु ही गाळणी पूर्ण घट्ट नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्या अवयवांना ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात. तुमच्याआमच्या अंगात त्या या क्षणीही फिरत आहेत. तरी आपण बहुतेक जण धडधाकट आहोत. हे कोडे साकागुचींनी आयुष्यभर सोडविले.

साकागुची यांचा जन्म १९५१ मध्ये जपानमधील बिवा सरोवराच्या काठच्या नागाहामा या गावी झाला. क्योतो विद्यापीठातून १९७६ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे त्याच विद्यापीठात संशोधनाचा रुळलेला मार्ग मोकळा होता. तो सोडून १९७७ मध्ये ते नागोया येथील आइची कर्करोग केंद्रात साध्या संशोधक विद्यार्थ्याच्या जागेवर गेले. कारण होते उंदरांवरचा एक चमत्कारिक प्रयोग.

तो प्रयोग यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी तेथे करून १९६९ मध्ये प्रसिद्ध केला होता. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिलाची थायमस काढून टाकली, तर पुढे मादीचे अंडाशय नष्ट होतात. सातव्या दिवशी काढली तर काही होत नाही. आधी वाटले की एखाद्या अंतःस्रावाची कमतरता झाली असेल. पण पुढे असे दिसले की उंदराच्या स्वतःच्याच रक्षक पेशी अंडाशयावर तुटून पडत आहेत. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. प्रतिकारशक्तीची शाळा बंद केली तर प्रतिकार दुबळा व्हावा, हा सरळ हिशेब. येथे उलटे घडले. शाळा लवकर बंद केल्यावर प्रतिकार बेफाम झाला. याचा अर्थ काय असावा? लढणाऱ्या पेशी पहिल्या तीन दिवसांत बाहेर पडल्या असतील. पण त्यांना आवरणाऱ्या पेशी जरा मागाहून बाहेर पडतात आणि नेमक्या त्याच शाळेत अडकून नाहीशा झाल्या, असा तर्क साकागुचींनी बांधला.

तर्क बांधणे सोपे असते. त्यांनी त्याच वाणाच्या, म्हणजे जनुकांनी हुबेहूब सारख्या अशा निरोगी उंदरांच्या टी पेशी काढल्या आणि थायमस काढलेल्या पिलांना टोचल्या. पिलांना रोग झाला नाही! म्हणजे निरोगी शरीरात आवर घालणाऱ्या टी पेशी असतात आणि त्या एका अंगातून दुसऱ्या अंगात देता येतात. या कामाचे निबंध १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. १९८५ च्या एका निबंधात तर त्यांनी नेमकी उलट बाजूही मांडली : टी पेशींतील एक विशिष्ट गट वगळून उरलेल्या पेशी टोचल्या, तर उंदरांत एकामागून एक अवयवांचे रोग उभे राहतात.

आम्हांस हे वाचताना मोर्च्याची आठवण झाली. मोर्च्यात आमचे काही गडी दंडाला लाल फीत बांधून कडेने चालतात. पोलिसांशी झुंजणे हे त्यांचे काम नव्हे. आपल्याच पोरांच्या हातातील दगड खाली ठेवायला लावणे हे त्यांचे काम. ते दिसत नाहीत, त्यांचा फोटो छापून येत नाही, आणि ज्या दिवशी ते नसतात त्या दिवशी मोर्च्याचे काय होते हे गावाने पाहिलेले आहे. उपमा फार ताणू नये हे खरे. पण साकागुचींनी जे केले ते असे की, फीत न बांधलेल्या अशा स्वयंसेवकांना गर्दीतून ओळखून काढण्याचा त्यांनी पण केला. गर्दीत सगळे सारखेच दिसतात. हीच तर अडचण होती.

आणि अडचण एवढीच नव्हती. त्यांच्या आधी १९७० च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन यांनी 'दमनकारी टी पेशी' अशी कल्पना मांडली होती. ती कल्पना एवढी गाजली की दहा वर्षे जो तो दमनकारी पेशींवर लिहू लागला. या पेशींची ओळख पटविणारे एक जनुक अमुक ठिकाणी आहे, असेही ठरून गेले. मग जनुकांची अक्षरे प्रत्यक्ष वाचण्याची विद्या आली, आणि १९८२-८३ च्या सुमारास त्या ठिकाणी वाचून पाहिले तर तेथे तसे जनुकच नाही! सगळा डोलारा कोसळला. त्याबरोबर 'दमनकारी' हा शब्दच वाईट झाला. निबंधात तो शब्द असला की परीक्षक नाक मुरडू लागले. एखाद्या संपात एका पुढाऱ्याने लबाडी केली की लोक संप या गोष्टीलाच नावे ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. पुरावा एका खुणेचा खोटा ठरला होता. आवर घालणाऱ्या पेशी नाहीत असे काही सिद्ध झाले नव्हते. पण हा फरक करण्यास कोणास सवड नव्हती.

साकागुचींचे तरुणपण नेमके या मंदीत गेले. १९८३ मध्ये त्यांना क्योतोची डॉक्टरेट मिळाली आणि ते अमेरिकेत गेले. जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड, मग कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्था अशी त्यांची भ्रमंती झाली. नव्वदीच्या आरंभी ते जपानला परत आले ते एका सरकारी संशोधन योजनेच्या आधारावर. पुढे १९९५ मध्ये टोकियोतील वार्धक्यशास्त्र संस्थेत त्यांना विभागप्रमुखाची जागा मिळाली. म्हणजे ज्या वयात इतरांच्या प्रयोगशाळा थाटलेल्या असतात, त्या वयात हे गृहस्थ न खपणारी कल्पना पाठीवर घेऊन गावोगाव हिंडत होते. त्यांच्या पत्नी नोरिको याही संशोधनात सहकारी होत्या. महत्त्वाच्या निबंधांवर दोघांची नावे आहेत. घरातील दोघेही एकाच बदनाम विषयात असल्यावर त्या घरातील रात्रीची चर्चा कशी होत असेल याची आम्ही कल्पना करू शकतो. युनियनच्या कार्यकर्त्याच्या घरी तिचा अनुभव असतो.

काम होते ते खूण शोधण्याचे. मदतनीस टी पेशींवर सीडी४ नावाचे प्रथिन असते हे तोवर ठाऊक झाले होते, आणि आवरणाऱ्या पेशी त्याच गटात आहेत हे साकागुचींनी दाखविले होते. पण गट मोठा. त्यात आवरणारे थोडे, लढण्यास चिथावणारे फार. पृष्ठभागावरची एकेक प्रथिने घेऊन, ते प्रथिन असलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या, उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदराला टोचायच्या आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची, असा हा उद्योग. या कामास दहा वर्षांहून अधिक काळ गेला. १९९५ मध्ये उत्तर मिळाले : सीडी२५. सीडी४ असलेल्या पेशींपैकी शंभरात पाच ते दहा पेशींवर हे प्रथिन असते. तेवढ्या पेशी वगळून बाकीच्या टोचल्या की उंदराच्या कंठग्रंथीला, जठराला, इतर अवयवांना दाह होतो. वगळलेल्या पेशी परत दिल्या की रोग येत नाही. या पेशींना पुढे 'नियामक टी पेशी' असे नाव मिळाले. जुन्या बदनाम शब्दापासून हे नाव मुद्दामच दूर ठेवले गेले.

तरीही पुष्कळांना पटले नाही, आणि त्यांनाही आम्ही दोष देणार नाही. एकदा पोळलेले लोक होते ते. त्यांचे म्हणणे, पृष्ठभागावरचे प्रथिन काय, इतर पेशीही उत्तेजित झाल्या की ते अंगावर चढवितात. या पेशी खरोखर वेगळ्या जातीच्या आहेत हे दाखविणारी आतली खूण कोठे आहे? ती आतली खूण भलत्याच ठिकाणी सापडली.

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबची योजना झाली, तिचे एक केंद्र अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे होते. तेथे किरणोत्साराचे परिणाम पाहण्यासाठी उंदीर पाळले जात. १९४० नंतरच्या दशकात त्यांत काही नर पिले खपल्या धरलेल्या कातडीची, फुगलेल्या प्लीहेची आणि गाठींची निघाली, आणि ती काही आठवड्यांत मेली. माद्यांना काही होत नसे. म्हणजे दोष क्ष गुणसूत्रावर होता. मादीकडे दुसरे चांगले गुणसूत्र असते, नराकडे नसते. हे उंदीर 'स्कर्फी' या नावाने जपले गेले. पन्नास वर्षांनी वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल या गावी एका औषध कंपनीत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ते जनुक शोधण्याचे मनावर घेतले. उंदराच्या क्ष गुणसूत्रावर सुमारे सतरा कोटी अक्षरे आहेत. त्यांनी शोध घेत घेत तो टापू पाच लाख अक्षरांपर्यंत आणला. त्यात वीस जनुके निघाली. एकेक तपासीत गेले. एकोणीस निर्दोष निघाली, आणि विसाव्यात दोष सापडला. दोन अक्षरे जास्तीची घुसली होती. दोन अक्षरे! पुढची सारी ओळ त्यामुळे सरकली होती आणि प्रथिन अर्धवट तयार होत होते. या जनुकास फॉक्सपी३ असे नाव दिले गेले.

माणसांतही लहान मुलग्यांना होणारा एक दुर्मीळ, भयंकर रोग आहे. जन्मल्यापासून मधुमेह, हगवण, कातडीचा दाह असे सगळे एकदम होते. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी ठिकठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांकडून अशा मुलांचे नमुने मिळविले आणि २००१ मध्ये दाखविले की तेथेही हेच जनुक बिघडलेले असते. आता हे वाचून साकागुचींच्या मनात काय आले असेल ते वेगळे सांगणे नको. स्कर्फी उंदराचा रोग आणि आवरणाऱ्या पेशी काढून घेतलेल्या उंदराचा रोग यांत विलक्षण साम्य होते. २००३ मध्ये साकागुची आणि त्यांचे सहकारी होरी व नोमुरा यांनी दाखविले की फॉक्सपी३ हे जनुक नियामक पेशींतच चालू असते. एवढेच नव्हे, तर साध्या टी पेशीत ते बाहेरून घातले की ती पेशीही आवर घालू लागते. त्याच वर्षी अमेरिकेतील आणखी दोन गटांनी तेच सिद्ध केले. तिसऱ्या दिवसाच्या पिलाच्या प्रयोगापासून येथवर चौतीस वर्षे झाली होती. वाद संपला.

पारितोषिके पुढे ओळीने आली. त्यांची यादी देत नाही. २०२५ चे नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांत वाटले गेले, तेव्हा साकागुची चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि ओसाका विद्यापीठात काम करीतच होते. ज्या पेशी आवरतात त्या वाढविता आल्या तर स्वयंप्रतिकाराचे रोग आणि रोपण केलेल्या अवयवाचा नकार थोपविता येईल. उलट कर्करोगाची गाठ याच पेशींना भोवती गोळा करून त्यांच्या आड लपते, म्हणून तेथे त्या हटविता आल्या तर बरे. दोन्ही दिशांनी माणसांवर चाचण्या चालू आहेत. आमच्या लाल फितीच्या उपमेला ही दुसरी बाजूही आहे, हे मान्य केले पाहिजे. स्वयंसेवक फार झाले की मोर्चाच निघत नाही.

पण आम्हांस स्वतःला साकागुचींचे सर्वांत मोलाचे काम दुसरेच वाटते. त्याचा गाजावाजा कमी झाला. नानाच्या कागदाशी त्याचा संबंध असल्यामुळे त्यावर जरा अधिक लिहितो.

त्यांच्या प्रयोगशाळेत पाळलेल्या उंदरांत एकदा आपोआप एक वाण निर्माण झाला. त्या उंदरांचे पंजे सुजत, बोटांचे सांधे झिजत, पुढे फुप्फुसांनाही त्रास होई. माणसाच्या आमवाताचीच प्रतिकृती. त्यास त्यांनी एसकेजी असे नाव दिले. नोरिको साकागुची आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यामागचे जनुक शोधून काढले : झॅप-७० नावाच्या प्रथिनातील केवळ एक घटक बदललेला होता. या प्रथिनाचे काम टी पेशीच्या आत संदेश पोहोचविण्याचे. संदेश क्षीण झाल्यामुळे थायमसच्या शाळेतील परीक्षाच ढिली होते, आणि ज्या पेशी तेथे मारल्या जायला हव्या होत्या त्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. म्हणजे हा रोग शंभर टक्के आनुवंशिक झाला की नाही? आईबापांकडून दोन्ही दोषी प्रती आल्या की आमवात ठरलेला. कारखान्याच्या डॉक्टरांना हा उंदीर फार आवडला असता.

परंतु पुढे असे दिसले की हेच उंदीर अगदी स्वच्छ, जंतुरहित ठेवलेल्या पिंजऱ्यांत वाढविले तर त्यांना आमवात होत नाही. दोष तोच, अक्षर तेच, पण पंजे निरोगी. नेहमीच्या प्राणिगृहात ठेवले की रोग येतो. मग २००५ मध्ये त्यांनी स्वच्छ पिंजऱ्यातील उंदरांना बुरशीच्या आवरणात असणारा एक पदार्थ टोचला, आणि सांधे सुजले. जनुकाने दार उघडे ठेवले होते. आत कोण येणार ते पिंजऱ्याने ठरविले. हा निबंध आम्ही तीन रात्री वाचला. तिसऱ्या रात्री त्यातील मथितार्थ कळला तेव्हा उठून नानाचा कागद पुन्हा काढून पाहिला.

माणसाचे असे एका जनुकावर नसते, हे खरे. आमवातात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए नावाच्या जनुकांचा आहे. ते विशिष्ट वाण अंगी असणारे बहुसंख्य लोक जन्मभर निरोगी राहतात. ज्या जुळ्यांची जनुके अगदी एक असतात त्यांतील एकास आमवात झाला, तर दुसऱ्यास तो शंभरात सुमारे पंधरा वेळाच आढळतो, असे इंग्लंडातील एका पाहणीत निघाले. जुळ्या भावाची ही गोष्ट, तर मुलीचे काय? आणि बाहेरच्या कारणांत काय काय येते? तंबाखूचा धूर येतो. तसेच सिलिकाची बारीक धूळ येते. फौंड्रीच्या रेतीत असते तीच. वेल्समधील कोळसाखाणीतल्या कामगारांत आमवात आणि फुप्फुसातील धुळीच्या गाठी एकत्र दिसतात, हे डॉक्टर कॅप्लन यांनी १९५३ मध्येच नोंदविले होते. पुढे स्वीडनमधील पाहण्यांतून सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या पुरुषांना आमवाताचा धोका वाढलेला दिसला, आणि त्यातही जे ओढतात त्यांना अधिक. धुळीने आणि धुराने फुप्फुसातील प्रथिनांचे रूप बदलते आणि तेथे प्रथम रक्षकांची दिशाभूल होते, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर नाना विड्या ओढीत असे. दिवसाला एक बंडल. उद्या सुनावणीत कारखान्याचे वकील हे विचारणारच, आणि आम्ही ते लपविणार नाही. नानाच्या सांध्यांना रेतीनेच रोग झाला असे कोणताही शास्त्रज्ञ शपथेवर सांगू शकत नाही. शास्त्र समूहाचा धोका सांगते, एका माणसाचे कारण सांगत नाही. तेवढे आम्हांस कळते. पण त्याच न्यायाने 'कामाशी संबंध नाही' असेही कोणी शपथेवर सांगू शकत नाही. आनुवंशिक आणि कामामुळे हे दोन शब्द एकमेकांचे वैरी असल्यासारखे आमच्या कचेऱ्यांत वापरले जातात. एक खरा म्हणजे दुसरा खोटा. एसकेजी उंदराच्या बाबतीत दोन्ही एकदम खरे होते. आणि ज्याच्या अंगी असा कच्चेपणा आहे त्यास धुळीत ठेवणे अधिक वाईट, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ आहे. नेमका तोच अर्थ त्या शेऱ्यात उलटा केलेला होता. कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य रोग म्हणून सिलिकोसिसचे नाव आहे. आमवाताचे नाही.

नानाच्या मुलीसाठी दुसरे स्थळ आले, तेव्हा बोलणी करण्यास आम्ही स्वतः गेलो होतो. चहा झाल्यावर जुळ्या भावांचा हिशेब सांगितला, स्वच्छ पिंजऱ्यातील उंदीर सांगितला. मुलाचे वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही म्हणता ते उंदराचे झाले. पण मुलगी कारखान्यात जाते का कामाला?" आम्ही म्हटले, जात नाही, ती बँकेत आहे. "मग झाले," ते म्हणाले, आणि बोलणी देण्याघेण्याकडे वळली. शास्त्राचा इतका झटपट निकाल आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. लग्न मार्गशीर्षात झाले.

भरपाईचा अर्ज आम्ही नव्याने केला आहे. या वेळी छातीचे क्ष-किरण चित्र जोडले आहे, शेडमधील हवेतली धूळ मोजण्याची मागणी केली आहे, आणि आनुवंशिकतेचा मुद्दा नाकारण्याऐवजी मान्य करून त्यापुढे दोन पाने लिहिली आहेत. ती दोन पाने आमच्या डॉक्टर स्नेह्यांनी चार वेळा तपासून दिली. नानाला आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळ्या चालू आहेत. विड्या सुटल्या आहेत. सकाळी मूठ अर्धी वळते आणि दुपारपर्यंत बरीचशी. पुढची तारीख पावसाळ्यात आहे.